पडद्यावरचे टक्के आणि हत्याराची धार

या पानांवर पुस्तकांची परीक्षणे येतात, शालेय प्रयोगांची येतात, कधी अभ्यासक्रमाचीही येतात. या वेळी आम्ही एका साधनाचे परीक्षण करणार आहोत. कारखान्यातील सीएनसी यंत्राच्या पडद्यावर ‘लोड’ म्हणून टक्क्यांमध्ये एक आकडा सतत दिसत असतो. या आकड्यावरून धातू कापणाऱ्या हत्याराची झीज ओळखता येते, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे, ते आपल्याला तपासायचे आहे.

शाळेत असे यंत्र नसते. मग शिक्षकांनी यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. याला दोन उत्तरे आहेत. एक म्हणजे आपले अनेक विद्यार्थी दहावीनंतर आयटीआयच्या वाटेने याच यंत्रांपुढे उभे राहतात. दुसरे असे की, एक राशी मोजायची आणि तिच्यावरून दुसऱ्याच राशीविषयी बोलायचे, हा विज्ञानातला नेहमीचा व्यवहार आहे. तो केव्हा योग्य आणि केव्हा घातक, हे शिकवण्यासाठी इतके चांगले उदाहरण सहसा सापडत नाही.

एका विद्यार्थ्याची तक्रार

आम्ही धरमपेठेतले चार विज्ञानशिक्षक रविवारी सकाळी एकत्र बसतो. कधी पाठ्यपुस्तकातला एखादा प्रयोग करून पाहतो, कधी नुसतीच चर्चा होते. मागच्या पावसाळ्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याने आयटीआयमध्ये टर्नरचे शिक्षण घेतले आणि आता तो हिंगणा एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात सीएनसी लेथ चालवतो. धरमपेठ कॉलेजच्या स्थानकावर मेट्रोत बसायचे, लोकमान्य नगरच्या शेवटच्या स्थानकावर उतरायचे आणि पुढे वसाहतीत जायचे, असा त्याचा रोजचा क्रम आहे.

त्या महिन्यात त्याच्या पगारातून काही रक्कम कापली गेली होती. कारण असे दिले गेले की, त्याने इन्सर्ट वेळेआधी बदलले. इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाशी स्क्रूने बसवलेला, कार्बाइडचा नखाएवढा तुकडा. प्रत्यक्ष कापण्याचे काम तोच करतो. एक धार बोथट झाली की तो फिरवून दुसरी धार पुढे घेतात आणि सगळ्या धारा संपल्या की टाकून देतात. यंत्राच्या नोंदीत लोड एकदाही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला नव्हता. तेव्हा धार चांगली असताना इन्सर्ट बदलले, असा निष्कर्ष वरिष्ठांनी काढला.

तो म्हणाला, “सर, जॉबवर रेघा यायला लागल्या होत्या जी. चिपचा रंगही बदलला होता. पण ते म्हणतात, मशीन सांगते तेच खरं.”

त्याची बाजू घ्यावी असे आम्हांला लगेच वाटले. पण शिक्षकाने बाजू घेण्यापूर्वी तपासणी करावी, हे बरे. त्याच्याकडे बदललेल्या इन्सर्टची एक डबी होती. ती आम्ही ठेवून घेतली. तिचे काय झाले ते पुढे सांगू. त्याआधी या आकड्याचा अर्थ समजून घेऊ.

पिठाच्या गिरणीत

सीएनसी म्हणजे संगणकाच्या साहाय्याने, अंकांच्या रूपातील सूचनांवर चालणारे यंत्र. अशा अंकीय नियंत्रणाचे पहिले प्रात्यक्षिक अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९५२ साली झाले. टूल किती सरकवायचे, जॉब किती वेगाने फिरवायचा, हे सर्व त्यात आधी लिहून ठेवलेले असते. परंतु धार किती उरली आहे हे त्या लिखाणात नसते. ते कळण्यासाठी यंत्राला काहीतरी जाणवावे लागते.

ही अडचण नवी नाही. आपल्या पेठेतली पिठाची गिरणी आठवा. दोन दगडांमध्ये धान्य भरडले जाते. काही दिवसांनी दगड गुळगुळीत होतात आणि त्यांना टाकी लावावी लागते. टाकी लावण्याची वेळ झाली, हे गिरणीवाल्याला कसे कळते? पीठ नेहमीपेक्षा गरम येते. चिमटीत घेतले तर भरड लागते. तेवढेच धान्य दळायला वेळ जास्त लागतो. काही गिरण्यांमध्ये फलकावर अँपिअरमीटर असतो आणि त्याचा काटाही काही सांगत असतो.

पण तो काटा इतरही कारणांनी हलतो. धान्य जास्त सोडले की तो वर जातो. धान्य दमट असले किंवा ज्वारीनंतर हरभरा टाकला, तरी तो बदलतो. म्हणून शहाणा गिरणीवाला काट्याकडे पाहतो, पण टाकी लावण्याचा निर्णय पीठ चिमटीत घेऊन करतो. सीएनसी यंत्राच्या पडद्यावरचे टक्के म्हणजे हाच काटा आहे. फक्त तो अधिक रेखीव दिसतो.

टक्के कशाचे?

नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येईल असे एक गणित करू. धातू कापताना लागणारे बल हे साधारणपणे कापल्या जाणाऱ्या थराच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. साध्या पोलादासाठी दर चौरस मिलिमीटरला सुमारे २००० न्यूटन धरू. टूल २ मि.मी. खोल शिरले आहे आणि जॉबच्या एका फेऱ्यात ०.२५ मि.मी. पुढे सरकते आहे. थराचे क्षेत्रफळ ०.५ चौरस मि.मी. झाले. म्हणजे बल सुमारे १००० न्यूटन, जवळपास १०० किलोग्रॅम वजनाइतके. कापण्याचा वेग मिनिटाला १८० मीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटर असेल, तर शक्ती = बल × वेग या सूत्राने ३००० वॅट लागतील. स्पिंडलची मोटर ७.५ किलोवॅटची असेल आणि ती आपल्या पूर्ण शक्तीच्या पट्ट्यात चालत असेल, तर पडद्यावर सुमारे ४० टक्के दिसतील.

आता धार बोथट झाली आणि बल ३० टक्क्यांनी वाढले असे समजू. शक्ती ३.९ किलोवॅट होईल आणि पडदा ५२ दाखवील. ४० चे ५२ झाले, म्हणजे झीज पकडली गेली. या साधनाची बाजू मांडणारे इथपर्यंतचे गणित सांगतात आणि ते बरोबर आहे.

परंतु आणखी एक पायरी चढू. टूल नवे कोरे आहे, पण भट्टीतून घडवून आलेल्या तुकड्यावर या खेपेला ०.६ मि.मी. थर जास्त आहे. त्यामुळे टूल २ ऐवजी २.६ मि.मी. खोल कापते. बल पुन्हा ३० टक्क्यांनीच वाढले आणि पडद्यावर पुन्हा ५२! बोथट धार आणि जाड थर या दोन्हींसाठी पडद्यावरचे उत्तर एकच. पोलाद थोडे अधिक कठीण असले तरी असेच होईल. एका समीकरणात दोन-तीन अज्ञात राशी असल्या तर उत्तर निघत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना बीजगणितात सांगतो. इथे तीच गोष्ट आहे.

आता शेवटच्या, म्हणजे फिनिशिंगच्या कापाचे गणित करू. खोली ०.३ मि.मी., फीड ०.१ मि.मी., म्हणजे क्षेत्रफळ ०.०३ चौरस मि.मी. थर पातळ असला की दर चौरस मिलिमीटरला लागणारे बल वाढते. ते ३००० न्यूटन धरू. बल ९० न्यूटन, वेग सेकंदाला ४ मीटर, शक्ती ३६० वॅट. मोटरच्या मानाने हे ५ टक्क्यांहूनही कमी आहे. बल ३० टक्क्यांनी वाढले तर आकडा ६ च्या थोडा पुढे जाईल. हा फरक दीड टक्क्याचाही नाही. सकाळी यंत्र थंड असताना बेअरिंगमधले वंगण घट्ट असते आणि तासाभराने ते पातळ होते. या कारणाने मोकळ्या फिरणाऱ्या स्पिंडलचा लोडही थोडा बदलतो. नागपुरात डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो आणि मे महिन्यात दुपारी ४५ अंशांपर्यंत चढतो. या घटबढीत तो दीड टक्का कुठे शोधायचा? जिथे मापाची नेमकी गरज असते त्या कापातच हे साधन सर्वांत आंधळे असते.

आणखी एक प्रश्न विद्यार्थ्यांनी नेहमी विचारावा असा आहे: टक्के कशाचे? पुष्कळ स्पिंडल-मोटरींमध्ये एका ठरावीक वेगाच्या खाली उपलब्ध आघूर्ण स्थिर असते आणि टक्के त्या आघूर्णाचे असतात. हा वेग मिनिटाला १५०० फेरे असेल आणि मोटर ७५० फेऱ्यांवर चालत असेल, तर ५० टक्के लोड म्हणजे पूर्ण शक्तीचा अर्धा नव्हे, चौथा भाग झाला. पडद्यावर मात्र दोन्ही ५० सारखेच दिसतात.

झीज एका प्रकारची नसते

‘झीज वाढली की लोड वाढतो’ या विधानातही एक गफलत आहे. इन्सर्टची झीज प्रामुख्याने दोन ठिकाणी होते. धारेच्या खालची जी बाजू नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागाला घासते, तिथे एक चकचकीत सपाट पट्टा तयार होतो. हा पट्टा रुंद होत गेला की घर्षण वाढते आणि बलही वाढते. दुसरी झीज वरच्या बाजूला होते. तापलेली चिप धारेमागे घासत वर जाते आणि तिथे हळूहळू खळगा पडतो. खळग्याच्या उतारामुळे धार काही काळ जणू अधिक तीक्ष्ण कोनाची होते आणि बल थोडे कमीही होऊ शकते. म्हणजे धार आतून पोखरली जात असताना पडद्यावरचा आकडा खाली येऊ शकतो. मग एक दिवस कडा तुटते.

कधी जॉबच्या धातूचेच कण धारेवर चिकटून एक खोटी धार तयार होते. ती वाढते, निखळते, पुन्हा वाढते. तिच्यामुळे जॉबचा पृष्ठभाग खरबरीत होतो. मोटरच्या सरासरी लोडवर तिची खूण उमटेलच असे नाही.

काही यंत्रांमध्ये लोड वाढला की फीड आपोआप कमी करण्याची सोय असते. टूल तुटू नये या दृष्टीने ही सोय चांगली आहे. पण तिथे लोड स्थिर ठेवला जात असल्याने झीज लोडमध्ये दिसणारच नाही. ती जॉबला लागणाऱ्या वेळात दिसेल. नुसता लोडचा आलेख पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटेल.

टेलरचा वारसा

ही सारी विचारसरणी समजून घ्यायची तर फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन अभियंत्याचे ‘ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स’ हे लेखन विचारात घ्यावे लागते. अमेरिकन यांत्रिक अभियंता संस्थेचा अध्यक्ष म्हणून त्याने ते १९०६ साली मांडले. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८८० साली सुरू झालेले त्याचे प्रयोग सुमारे २६ वर्षे चालले. नोंदवलेल्या प्रयोगांची संख्या ३० ते ५० हजारांच्या दरम्यान होती आणि त्यांत ८ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३६० टन लोखंड-पोलादाचा कीस झाला. कापण्याच्या वेगावर परिणाम करणारे १२ घटक त्याने वेगळे काढले. कापण्याच्या जागी पाण्याची मोठी धार सोडली तर वेग बराच वाढवता येतो, हेही त्याने दाखवले. एक एक घटक बदलायचा आणि बाकीचे स्थिर ठेवायचे, ही शिस्त इतक्या चिकाटीने पाळलेली उदाहरणे कारखान्यांच्या इतिहासात थोडीच असतील.

त्याचे सूत्र आजही शिकवले जाते. वेग वाढला की टूलचे आयुष्य घातांकाच्या नियमाने घटते. कार्बाइडसाठी आयुष्य साधारण वेगाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढवला तर १.२ चा चौथा घात २.०७ येतो आणि आयुष्य जवळपास निम्मे होते. हाय-स्पीड पोलादासाठी आठवा घात धरला तर ते चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. घातांक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

मात्र टेलरच्या कामात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक वैज्ञानिक आहे: मोजा, नोंदवा, तुलना करा. दुसरी व्यवस्थेची आहे: कारागिराच्या हातातले आणि कानातले ज्ञान काढून नियोजनाच्या कचेरीत न्या आणि त्याला फक्त सूचना द्या. त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने खास स्लाइड-रूल तयार केले. वेग आणि फीड त्यांवरून ठरू लागले. पहिल्या गोष्टीचे यश दाखवून दुसरी गोष्ट सिद्ध झाली असे मानले गेले. वास्तविक एकीवरून दुसरी निघत नाही. टेलरची कोष्टके सरासरी आयुष्य सांगतात. या क्षणी, या यंत्रावर, या तुकड्यावर या धारेचे काय झाले आहे, ते कोष्टक सांगू शकत नाही. ते ज्याला दिसते, तो यंत्रापाशी उभा असतो.

पडद्यावरचा लोड पाहून मुलाच्या पगाराला कात्री लावणारा माणूस टेलरच्या दुसऱ्या गोष्टीचा वारसदार आहे. पहिल्या गोष्टीचा वारसा त्याने घेतला असता, तर आधी इन्सर्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला असता.

साधनाचे गुण

आता या साधनाच्या बाजूने जे सांगायला हवे ते सांगू. टूल अचानक तुटले, तर लोड एकदम खाली येतो, कारण टूल आता हवेतच फिरते आहे. टूल चुकून चकवर आदळले, तर लोड एकदम उसळतो. या दोन्ही गोष्टी लोडवरून क्षणार्धात ओळखता येतात आणि यंत्र थांबवता येते. रात्रपाळीत एका माणसाकडे तीन-तीन यंत्रे असताना या सोयीची किंमत मोठी आहे. एकाच मापाचे, एकाच खेपेचे हजारो जॉब होत असतील, तर चांगल्या कापाचा आलेख साठवून पुढच्या प्रत्येक कापाची त्याच्याशी तुलना करता येते. जाड कापात हळू वाढणारी झीजही मग बऱ्यापैकी दिसते.

मोटरच्या लोडपेक्षा धारेच्या जवळ जाणारी साधनेही आहेत. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब पडला की त्यावर विद्युत प्रभार निर्माण होतो, हे जॅक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० साली, म्हणजे टेलरने प्रयोग सुरू केले त्याच वर्षी दाखवले. या तत्त्वावरचे बलमापक टूलखाली बसवता येतात. धातू फाटताना, चिरताना निघणाऱ्या लाखो हर्ट्झच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या तरंगांवरूनही अंदाज बांधतात. लेसरने किंवा स्पर्शकाने टूलची लांबी यंत्रातच मोजता येते. अलीकडे अशा अनेक संकेतांवरून संगणकाला शिकवून झीज ओळखण्याचे प्रयत्न होतात. पण शिकवायला आधी प्रत्यक्ष मोजलेली झीज लागते. शिवाय एका यंत्रावर, एका धातूवर शिकलेला नमुना दुसरीकडे तसाच लागू पडेल, याची खात्री नसते.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, कारागिराचा कान म्हणजे देववाणी नव्हे. गोंगाटात वर्षानुवर्षे काम करून कान मंदावतात. पहाटे तीन वाजता लक्ष ढळते. धोका नको म्हणून धार चांगली असतानाही इन्सर्ट बदलण्याची सवय लागते. कार्बाइडमधले टंगस्टन हे मौल्यवान मूलद्रव्य आहे. आपल्याच जिल्ह्यात कुही, खोबना, अगरगाव या पट्ट्यात त्याची खनिजे आढळलेली आहेत, तरी आपल्या देशाची गरज मुख्यतः आयातीवर भागते. धार संपण्याआधी फेकलेला इन्सर्ट हे खरे नुकसान आहे. तेव्हा कारखान्याची चिंता अवास्तव नव्हती.

डबीतल्या इन्सर्टचे काय झाले?

आम्ही शाळेतला सूक्ष्मदर्शक घेतला. वस्तुपट्टीवर मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास मोजला. नंतर एकेक इन्सर्ट मेणावर तिरपा टेकवून बाजूने उजेड टाकला. झिजलेला पट्टा आरशासारखा चमकतो, त्यामुळे तो दिसायला अडचण आली नाही. त्याची रुंदी अंदाजाने, पण सर्वांसाठी एकाच रीतीने नोंदवली. टूलच्या आयुष्याच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ३६८५ मध्ये, झीज एकसारखी असेल तर सरासरी ०.३ मि.मी. रुंद पट्टा ही सीमा धरलेली आहे. तीच आम्ही घेतली.

इन्सर्टचे दोन ढीग झाले. काही ०.३ च्या पुढे गेलेले होते आणि त्यांच्या वेळचा लोडही हिरव्या पट्ट्यातच होता. म्हणजे मर्यादा सैल ठेवलेली होती. काही मात्र ०.२ च्या आसपासच होते. तेव्हा हे लवकर बदलले, असे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले.

त्यावर तो म्हणाला, “सर, हे फिनिशिंगचे आहेत. त्यात ०.०४ च्या आत साइज ठेवायची असते.”

आम्ही पुन्हा कागद घेतला. इन्सर्टची खालची बाजू जॉबपासून ६ अंशांनी मोकळी ठेवलेली असेल, तर पट्टा ०.२ मि.मी. रुंद झाला की धार सुमारे ०.२ × टॅन ६ अंश, म्हणजे ०.०२१ मि.मी. मागे सरकते. त्रिज्येत ०.०२१ म्हणजे व्यासात ०.०४२. जॉबला दिलेली सगळी सवलत तिथेच संपली! यंत्रात ऑफसेट देऊन माप सावरता येते, आणि त्याने ते दिलेही होते. परंतु झिजलेल्या धारेने पडणाऱ्या रेघा ऑफसेटने जात नाहीत. आमचा ०.३ हा आकडा चाचण्यांसाठी ठरवलेला होता आणि आम्ही तो त्याच्या कामावर तसाच लादला. पडद्यावरच्या मर्यादेबद्दल आम्ही ज्यांना दोष देत होतो, त्यांच्याच रांगेत आम्ही काही वेळ उभे होतो.

तरीही सगळे इन्सर्ट त्याच्या बाजूने बोलले नाहीत. जाड कापाचे दोन-तीन खरोखरच अर्धेही झिजलेले नव्हते, आणि ते त्याने मान्य केले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते वेगळेच. योग्य वेळी बदललेले आणि घाईने बदललेले, हे दोन ढीग लोडच्या नोंदीवरून वेगळे काढताच येत नव्हते.

याहून अधिक बोलकी नोंद त्याच यंत्रात पडून होती. ती म्हणजे वेळोवेळी दिलेल्या ऑफसेटची यादी. धार जितकी मागे जाते, तितका ऑफसेट द्यावा लागतो. यंत्र तापल्याने होणारा बदल त्यात मिसळतो हे खरे, तरी बेरीज केली तर धारेचा प्रवास त्यात बऱ्यापैकी दिसतो. ती यादी कोणी पाहिलेली नव्हती, कारण तिला पडद्यावर हिरवा-तांबडा रंग नसतो.

आमचा अभिप्राय

लोडवरून टूलवर लक्ष ठेवण्याची पद्धत अपघात ओळखण्यासाठी उत्तम, जाड आणि एकसारख्या कापांसाठी उपयोगी, आणि फिनिशिंगमधली झीज ओळखण्यासाठी अपुरी आहे. माणसाच्या कामाचा निवाडा करण्यासाठी ती एकटी वापरणे गैर आहे. तिची मर्यादारेषा कोणीतरी माणसानेच ठरवलेली असते. ती कोणी, कशावरून ठरवली, हे विचारण्याचा हक्क यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला असला पाहिजे.

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या मित्रांना आमची सूचना अशी की, विद्यार्थ्याला लोड वाचायला शिकवताना एक साधी चार रकान्यांची वही द्यावी. इन्सर्ट बदलताना लोड किती होता, ऑफसेटची बेरीज किती झाली होती, जॉबवर आणि चिपवर काय दिसले, आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पट्टा किती रुंद निघाला. शेवटचा रकाना भरल्याशिवाय पहिल्या तिन्हींची परीक्षा होत नाही. महिनाभरात विद्यार्थ्याचा कान किती खरा आणि पडदा किती खरा, हे त्याचे त्यालाच कळेल.

शाळेतही हा प्रयोग लहान प्रमाणात करता येईल. एकच पेन्सिल न तासता लिहीत राहावे आणि दर पानाला टोकाची रुंदी भिंगातून मोजावी. रेघ किती जाड झाली, हाताला जोर किती लावावा लागला, याचीही नोंद करावी. जोरावरून टोकाचा अंदाज किती वेळा चुकतो ते मुलांना मोजू द्यावे. कागद बदलला की जोर बदलतो, हे त्यांच्या आपोआप लक्षात येते.

आमच्या विद्यार्थ्याची कापलेली रक्कम परत मिळाली नाही. पण त्याने आमच्या नोंदींचा कागद कारखान्यात दाखवला. तेव्हापासून बदललेला प्रत्येक इन्सर्ट तारीख आणि यंत्राचा क्रमांक लिहून डबीत ठेवायचा, असे तिथे ठरले आहे. दिवाळीच्या सुटीत तो पुढची डबी घेऊन आला होता. सूक्ष्मदर्शकाशी या वेळी तो स्वतः बसला आणि आम्ही आकडे लिहून घेतले.